आजीला मरायला सहाशे बारा अक्षरं

ग्लेन हॅवरकॅम्पनं आपल्या सख्ख्या आईला ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मारलं. हत्यार म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा मुलीचा लॅपटॉप. त्या वेळी आई, म्हणजे लुएला हॅवरकॅम्प, वय वर्षं एक्क्याऐंशी, अमेरिकेतल्या डब्यूक गावाच्या दुसऱ्या टोकाला चेंडूनं खुंट्या पाडायचं बोलिंग खेळत होती आणि बरोबरच्या तिघी म्हाताऱ्यांना धूळ चारत होती. मरायला तिला अजिबात सवड नव्हती. पण ग्लेनचा नाइलाज होता. निदान त्याला तसं वाटलं, आणि माणसाला एकदा तसं वाटलं की तो काय करून बसेल याचा नेम नाही.

ग्लेन काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. थंडीत घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो ऑफिस सांभाळायचा. अंगणातलं गवत शनिवारी कापायचा, लायब्ररीची पुस्तकं मुदतीच्या आदल्या दिवशी परत करायचा. खोड एकच, लिहिण्याची. दर नाताळात सगळ्या नातेवाइकांना वर्षभराची खबर देणारं पत्र तो लिहायचा, आणि त्या पत्रात हॅवरकॅम्प कुटुंबाचं आयुष्य प्रत्यक्षापेक्षा बरंच बरं असायचं. मागच्या वर्षी विस्कॉन्सिनच्या सहलीत तंबू गळला, तर पत्रात त्याचं ‘निसर्गाच्या रौद्र रूपाशी तीन दिवसांची झुंज’ झालं. बायको मार्लिस पत्र वाचून एवढंच म्हणाली, “त्या सहलीला मीही होते ना रे?” पण मिनेसोटाच्या काकूंनी फोन करून डोळ्यांत पाणी आल्याचं सांगितलं. तेव्हापासून ग्लेनला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटायला लागलं.

आता मुलीचं. कोरिन सतरा वर्षांची. गावाला लागून मिसिसिपी वाहते आणि नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्याच्या कडेला नावा वर चढवायची, खाली उतरवायची पाण्याची कोठी आहे, तिला दोन्ही टोकांना लोखंडाची प्रचंड दारं आहेत. बाकीच्या पोरी उन्हाळ्यात तलावावर जायच्या. ही त्या दारांसमोर वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसायची. तिला स्थापत्य अभियांत्रिकी शिकायची होती आणि तीही इंग्लंडमध्ये. कारण तिनं शोधून काढलं होतं की तिथं पहिल्या दिवसापासून फक्त इंजिनियरिंगच शिकवतात. इथं पहिली दोन वर्षं निबंध, इतिहास आणि कसलंतरी नाट्य-आस्वादन करत बसावं लागतं, आणि आस्वाद घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

“अर्जाचं माझ्यावर सोपव,” ग्लेन म्हणाला. घरात कुणीही त्याच्यावर काहीही सोपवलं नव्हतं. तरी त्यानं आपल्या ईमेलवरून खातं उघडलं, पासवर्ड ठेवला आणि रंगीत चिकटचिठ्ठ्यांचं एक पाकीट विकत आणलं.

अर्ज एकच. त्यातच पाच विद्यापीठं निवडायची आणि पाचही जणांना तेच एक निवेदन जाणार, चार हजार अक्षरांचं, मधल्या मोकळ्या जागाही धरून. त्याशिवाय शाळेनं मुलीला मे महिन्यात किती गुण मिळतील ते आत्ताच लिहून द्यायचं. गणित आणि भौतिकशास्त्राच्या एपी, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांना पाचपैकी गुण असतात, आणि विद्यापीठांना दोन्हीकडे पाच हवे होते. भौतिकशास्त्राचे लिंडक्विस्ट सर हे ऐकून खवळलेच. “मी भौतिकशास्त्र शिकवतो हो, भविष्य नाही सांगत!” शाळेच्या समुपदेशक ऑस्ट्रँडर बाईंनी बावीस वर्षांत एकही पोर इंग्लंडला पाठवलं नव्हतं. त्यांनी तीनदा मदत केंद्राला फोन लावला, तीनदा तिकडचं ऑफिस बंद झालेलं होतं, आणि चौथ्यांदा लागला तेव्हा तिकडच्या माणसाचं ऐटदार इंग्रजी ऐकण्यात इतक्या रमल्या की विचारायचं काय होतं तेच विसरल्या.

ते सगळं निभावलं. अडलं ते निवेदनापाशी.

कोरिननं लिहिलं होतं ते असं सुरू व्हायचं: ‘बंधाऱ्याच्या दाराची दोन पानं मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत. ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टोक काढून उभी राहतात, म्हणून पाणी जितकं जोरानं ढकलतं तितकी ती घट्ट बसतात.’ मग पुढे मोजमापं. कोठी किती मिनिटांत भरते, दाराचा कोन किती, कोन कमी असता तर काय झालं असतं.

ग्लेननं वाचलं. पुन्हा वाचलं. “छान आहे गं. पण यात तू कुठेयस?”

“काठावर. मोजत्येय.”

“तसं नाही. तुझं दुःख कुठाय? तुझा संघर्ष?”

“बाबा, ते लोक दुःख मागत नाहीत. विषय मागतात.”

“अगं, पण वाचणारी माणसंच असतील ना?”

“इंजिनियर असतील,” कोरिन म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

ग्लेन कुंपणापाशी गेला. कुंपणापलीकडे ड्वेन फाइफर, निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटल्यामुळे लोकांना पत्रांत काय हवं असतं ते आपल्यालाच कळतं, असा त्याचा ठाम समज. “अरे बाबा, निबंधात कुणीतरी आजारी तरी पाहिजे नाहीतर गेलेलं तरी,” ड्वेन म्हणाला. “माझ्या भाचीनं किडनीवर लिहिलं. स्वतःची पण नव्हती, काकाची होती. सरळ प्रवेश, वर शिष्यवृत्ती! आणि तुझी पोरगी काय पाठवत्येय? लोखंडी दार? दाराला पाहून कुणी रडलंय का कधी?”

यात ड्वेनची चूक म्हणता येत नाही. अमेरिकेत कॉलेजचा निबंध असाच लिहितात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पंचाईत अशी की हॅवरकॅम्पांच्या घरात दुःखाचा दुष्काळ पडला होता. बावीस वर्षांच्या संसारात ग्लेन आणि मार्लिसमध्ये कुठे पाठवण्यालायक भांडण झालं नव्हतं. कुत्रा तेरा वर्षांचा, पण खारीमागे धावायचा. सहावीत कोरिनचा अंगठा मोडला होता, तोही डावा. ग्लेननं कागदावर यादी करायला घेतली आणि अंगठ्याच्या पुढे सरकेना. आयुष्य सुखाचं गेलं याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

आणि मग तो गुरुवार आला. कोरिन पोहायला गेलेली, मार्लिस दवाखान्यात कामावर, लॅपटॉप टेबलावर आणि पासवर्ड ग्लेनच्या डोक्यात. ‘फक्त वाचून बघतो’ म्हणून त्यानं निवेदन उघडलं. चार वाजून पंचवीस मिनिटांनी बंद केलं तेव्हा लुएला आजी हॉस्पिटलच्या खाटेवर शांतपणे गेली होती. जाताना नातीचा हात धरून ती क्षीण आवाजात म्हणाली होती, ‘पोरी, पाण्याला वाट दे.’ याचा नेमका अर्थ काय हे ग्लेनलाही सांगता आलं नसतं, पण त्यानं ते तीनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. त्यानं आणखी एक वाक्य घातलं: ‘माझे वडील रात्रभर तिच्या उशाशी बसून होते.’ हे वाक्य अभियांत्रिकीच्या दृष्टीनं गरजेचं नव्हतं. पण लिहिणाऱ्यालाही काही हवं की नाही?

एकूण सहाशे बारा अक्षरं झाली. निवेदन आधीच काठोकाठ भरलेलं, तेव्हा आजीला मरायला जागा करणं भाग होतं. ग्लेननं मोजमापांचा परिच्छेद काढून टाकला. आकडे कोण वाचतो!

कोरिननं आपलं निवेदन चाळीस वेळा वाचलेलं होतं, म्हणून शुक्रवारी शाळेत बसून तिनं ते एक्केचाळिसाव्यांदा न वाचताच पाठवलं. तिथून ते ऑस्ट्रँडर बाईंकडे आणि लिंडक्विस्ट सरांकडे गेलं, शिफारस जोडायला. दोघांनीही ते वाचलं. दोघेही हळवे.

पुढच्या रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात ऑस्ट्रँडर बाई, हातात फॉइल लावलेलं, चिकन-भाताचं भलं मोठं भांडं. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की अशीच भांडी येतात.

“मी आत नाही येत,” बाई कुजबुजल्या. “कोरिनला काही बोलले नाही हं मी, तिला पुन्हा रडायला कशाला लावा. तुम्ही धीर धरा. आई ती आईच.”

ग्लेननं दोन्ही हातांनी भांडं घेतलं. त्याच वेळी आतून लुएला आजी खदखदून हसली. रविवारचं जेवायला ती दर आठवड्याला यायची.

“आत कोण हसतंय?” बाईंनी विचारलं.

“आईची बहीण,” ग्लेन म्हणाला. “दुःख विसरायचा प्रयत्न करत्येय.”

बाईंनी डोळे पुसले आणि गेल्या. ग्लेन भांडं घेऊन आत आला तेव्हा मार्लिसनं विचारलं, कुणी दिलं? शाळेतल्या बाईंनी, सहज, असं म्हणून त्यानं ते टेबलावर ठेवलं. आणि मग स्वतःच्याच तेराव्याचं जेवण लुएला आजी दोनदा वाढून घेऊन जेवली. “मीठ जरा कमी आहे,” म्हणाली, “पण बाई मनानं चांगली दिसत्येय.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट. पण कोरिन त्या दिवसांत इतकी खुशीत होती! शिट्टी वाजवत भांडी घासायची. अशा पोरीला सांगायचं कसं, की तुझ्या नावावर मी तुझी आजी मारली? आज नको, उद्या सांगू, असं करता करता शाळेतून सांत्वनाचं कार्ड आलं, एकतीस शिक्षकांच्या सह्यांचं. ते त्यानं गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या यंत्राच्या कव्हराखाली लपवलं. स्वतःच्या गॅरेजमध्ये चोरासारखा वाकलेला पन्नाशीचा माणूस, असं स्वतःचं चित्र त्याला तिथं दिसलं आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

डिसेंबरात उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानं कोरिनला मुलाखतीला बोलावलं, लॅपटॉपवरून. पाचांतलं हेच तिला सगळ्यांत हवं होतं. तिकडची दुपार म्हणजे इकडचे सकाळचे आठ. लुएला आजी सातलाच हजर झाली, दालचिनीचे रोल घेऊन. कोरिन जेवणाच्या टेबलाशी बसली, आणि बाकी कुटुंब स्वयंपाकघरात, दार किलकिलं ठेवून, श्वास रोखून.

पडद्यावर डॉक्टर एंटविसल नावाच्या बाई होत्या. करड्या केसांच्या, बोलायला सावकाश. “सुरुवात करण्याआधी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या आजींबद्दल वाचून आम्हाला फार वाईट वाटलं.”

“माझ्या आजीबद्दल?”

“त्यांच्या निधनाबद्दल.”

स्वयंपाकघरात मार्लिसनं नवऱ्याकडे पाहिलं. ग्लेन फ्रिजकडे तोंड करून उभा. लुएला आजीला मात्र ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे ती बोलते मोठ्यानं. “कोण गेलं?” अर्धंमुर्धं ऐकून तिनं विचारलं, आणि कुणी उत्तर देईना म्हणून रोलची थाळी घेऊन सरळ बाहेरच गेली, कॅमेऱ्यासमोर. “कोण गेलं गं कोरिन?”

“ही माझी आजी,” कोरिन म्हणाली.

डॉक्टर एंटविसल यांनी थाळीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. “तुम्हाला भेटून आनंद झाला,” त्या म्हणाल्या. इंग्रज माणूस अशा वेळी दुसरं काय म्हणणार! मग त्यांनी कागद उचलून ती सहाशे बारा अक्षरं वाचून दाखवली, चढ-उतार न करता, सपाट आवाजात. ग्लेननं लिहिलेलं आजवर कुणी इतकं वाईट वाचलं नव्हतं. ‘पाण्याला वाट दे’ ऐकून तर त्याला फ्रिजमध्ये शिरून आतून दार लावून घ्यावंसं वाटलं.

“हे मी लिहिलेलं नाही,” कोरिन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“बरं. मग तुम्ही लिहिलेल्याबद्दल बोलू. दारं तुम्हाला आवडतात असं म्हटलंय. काही मोजलंत का कधी?”

“मोजलंय ना, सगळं त्यातच आहे. कोन, वेळ...”

“इथं काहीच नाही,” बाई म्हणाल्या.

कोरिननं मान वळवली आणि किलकिल्या दारातून बापाकडे पाहिलं. फार वेळ नाही, दोन सेकंद असेल. ग्लेनला आयुष्यात बरेच लोक रागावले होते, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. आजीला मारल्याचा रागही त्या नजरेत नव्हता. आकडे कुठे गेले, एवढंच ती नजर विचारत होती. त्याला मान वर करवेना. पुढची पंचवीस मिनिटं पोरगी अडखळत, थांबत, घोटभर पाणी पीत काहीबाही सांगत राहिली, आणि तो ऐकत राहिला.

मुलाखत संपल्यावर कोरिन लॅपटॉप मिटून वर गेली. बोलली ती मार्लिस. ते इथं लिहिण्यासारखं नाही. मधूनच ती थांबून म्हणायची, “म्हणून ते चिकन! म्हणून ते चिकन होय!” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

लुएला आजीनं तो उतारा छापून मागितला. चष्मा लावून, ओठ हलवत, सावकाश वाचला. “छान मारलंयस रे,” ती म्हणाली. “खरंच मरताना मला असलं काही सुचायचं नाही.”

“आई, माझं चुकलं.”

“थांब. हे काय लिहिलंयस? ‘वडील रात्रभर उशाशी बसून होते.’ हे कधी?” तिनं चष्म्यावरून पाहिलं. “कंबरेचं हाड मोडलं तेव्हा तू अर्ध्या तासात उठला होतास. मॅच होती तुझी टीव्हीवर.”

मॅच होतीच. कोण जिंकलं तेही ग्लेनच्या लक्षात होतं. आजीनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि एक रोल उचलला. तिला फार राग आला होता असं नाही. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

कोरिननं त्याच दुपारी पाचही विद्यापीठांना आणि अर्जाच्या मुख्य ऑफिसला खरं काय ते कळवलं. लिहिलं तिनंच, ग्लेनला फक्त सही करायला बोलावलं. पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं: ‘हा मजकूर माझ्या वडिलांनी मला न सांगता घातला.’ ‘मायेपोटी’ असा एक शब्द मध्ये घालता येईल का, असं विचारायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं सही केली. ती उठली आणि पासवर्ड बदलून आली.

आठवड्यानं ऑफिसचं उत्तर आलं. अर्जाबाबत शंका निर्माण झाल्यामुळे संबंधित आजींनी आपण हयात असल्याचं अधिकाऱ्यासमोर सही करून कळवावं. झालं! ग्लेन आईला गाडीत घालून पतपेढीत गेला. तिथं नोटरीचा शिक्का मारणारी एक तरुण बाई होती, नखं निळी रंगवलेली.

“यांचा दाखला हवाय,” ग्लेन म्हणाला. “जिवंत असल्याचा.”

“तो मला देता येत नाही.”

“अहो, पण या समोर उभ्या आहेत!”

“असतील. मी फक्त एवढंच लिहू शकते की या माझ्यासमोर आल्या, ओळखपत्र दाखवलं आणि सही केली. जिवंत आहेत की नाहीत ते माझ्या अधिकारात येत नाही.”

“पण मेलेला माणूस सही कशी करेल?”

“ते मला माहीत नाही, सर. पण यांना मेलेलं कोण म्हणतंय?”

रांगेत मागे सात माणसं. शेवटचा ग्लेनच्या कंपनीतला तंत्रज्ञ. लुएला आजीला कमी ऐकू येत असल्यानं तिनं साऱ्या पतपेढीला ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा केला, “माझा मुलगा म्हणतोय! पण त्याला आता पस्तावा झालाय!”

निळ्या नखांच्या बाईनं शिक्का मारला आणि आजीला टोपलीतून एक लॉलीपॉप दिला.

लिंडक्विस्ट सरांकडे तर त्याला स्वतः जावं लागलं. कारण सरांनी भाबडेपणानं शिफारशीत लिहून टाकलं होतं, ‘आजीच्या वियोगातही हिनं अभ्यास सोडला नाही.’ आता तेही खोडायचं. सर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मिस्टर हॅवरकॅम्प, बावन्न सालापासून आमच्या घराण्यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. तुम्ही माझ्याकडून लिहवून घेतलंत.” बावन्न साली काय झालं होतं हे विचारायचा ग्लेनला धीर झाला नाही. ऑस्ट्रँडर बाईंनी नुसतं भांडं परत मागितलं. ते त्यानं घासून, पुसून नेऊन दिलं आणि दारातून गाडीपर्यंत मागे न बघता आला.

त्या हिवाळ्यात नाताळचं पत्र गेलं नाही. मिनेसोटाच्या काकूंनी काळजीनं फोन केला, कुणी आजारी तर नाही ना? फोन लुएला आजीनंच घेतला, हे त्यातल्या त्यात बरं.

पाचांतल्या दोन विद्यापीठांनी अर्ज रद्द केला, एकानं नकार दिला, एक बोलेचना. कोरिन रोज अभ्यास करायची आणि बापाशी नीट बोलायची. फार नीट. भाजी हवी का, दार बंद करू का. पण एखादं गणित सुटलं की पूर्वी ती ओरडत खाली यायची, ते बंद झालं. ग्लेन जिन्याखाली उगाचच वर्तमानपत्र घेऊन बसायचा. गणितं सुटत असणारच. खाली कुणी येत नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टर एंटविसल यांचं दोन ओळींचं पत्र आलं: काढून टाकलेला परिच्छेद पाठवावा. कोरिननं पाठवला, वहीच्या पानांच्या फोटोंसकट. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, जागा राखून ठेवली आहे; एपीला दोन्हीकडे पाच मिळाले पाहिजेत. हे ग्लेनला कळलं ते मार्लिसकडून, तेही भांडी लावताना.

जुलैत निकाल लागायचा त्या सकाळी तो गवत कापायला बाहेर पडला. घरात थांबायची त्याची छाती नव्हती. एकच पट्टा त्यानं चार वेळा कापला. पाचव्यांदा वळला तर मार्लिस पायऱ्यांवर उभी राहून दोन्ही हातांचे पंजे दाखवत होती. पाच आणि पाच. ग्लेननं यंत्र बंद केलं आणि त्या दांड्यावरच डोकं टेकलं.

“झालं ना काम?” कुंपणावरून ड्वेन ओरडला. “मी सांगितलं नव्हतं? कोण गेलं होतं शेवटी? निबंधात?”

गेले कित्येक महिने ड्वेन गावभर सांगत होता की पोरीचं भलं त्याच्या सल्ल्यानं होणार. ग्लेननं आजवर फक्त मान डोलावली होती. आज त्यानं तोंड उघडलं. कसंतरीच झालं, पण बोलला. “कुणी नाही गेलं, ड्वेन. मी माझ्या आईला मारलं आणि पोरीचे आकडे काढून टाकले. तिचा प्रवेश जवळजवळ घालवला होता मी. तिनं दारावर लिहिलं होतं, त्यावरच मिळाला.”

“लोखंडी दारावर?”

“हो.”

ड्वेननं कुंपणावरची कोपरं काढली. “विचित्र लोक आहेत,” तो म्हणाला. इंग्लंडच्या लोकांना म्हणाला की हॅवरकॅम्पांना, ते त्यानं स्पष्ट केलं नाही.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. कोरिननं ऐकलं की नाही, कोण जाणे. विचारायची त्याला लाज वाटली.

दोन दिवसांनी ती ऑफिसच्या वेळेआधी स्वयंपाकघरात आली आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

“व्हिसाला आईवडिलांचं पत्र लागतं. मला अठरा पूर्ण नाहीत ना. आई म्हणाली, तूच लिही.” मग पडदा त्याच्याकडे वळवून म्हणाली, “मीही म्हटलं. तीन ओळी. कुणाला मारू नकोस.”

ग्लेननं त्या दिवशी कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं. तीन ओळींना त्याला अडीच तास लागले. प्रत्येक शब्द लिहून तो स्वतःलाच विचारायचा, हे खरंय का? पहिली ओळ झाली: कोरिन हॅवरकॅम्प ही आमची मुलगी. दुसरी: ती इंग्लंडला एकटी जाऊन शिकणार आहे, त्याला आमची परवानगी आहे. तिसरी: तिथं राहण्याची व्यवस्था तिनं स्वतः केली आहे. मग त्यानं चौथी लिहिली: आम्हाला तिचा फार अभिमान वाटतो.

कोरिन मागे येऊन उभी राहिली. वाचलं.

“चौथी चालेल का?” त्यानं विचारलं. “खरी आहे.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पण बाबा, त्यांनी ते विचारलेलं नाही.”

ग्लेननं मान हलवली, ती ओळ एकेक अक्षर करून स्वतःच्या हातानं पुसली आणि पत्र छापून खाली सही करायला पेन मागितलं.